इंटरनेटवरची वर्गणी : खानापूर तालुक्यातील एका फुटबॉल मंडळाचा अनुभव

आमच्या गावात गणपतीची आणि यात्रेची वर्गणी पावतीपुस्तकावर गोळा होते व तिचा हिशेब देवळात सर्वांसमोर वाचला जातो. गावातल्या लहान मुलामुलींच्या फुटबॉलसाठी मात्र गेल्या वर्षी आम्ही इंटरनेटवरून देणग्या मिळवून देणारी एक सेवा प्रथमच वापरली. तिचे नाव येथे देत नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मंडळे या वाटेने जाण्याच्या विचारात असतील, त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल.

पैसे आले, हे आधी सांगितले पाहिजे. पुण्यात आणि गोव्यात नोकरीला असलेल्या गाववाल्यांना पावतीपुस्तक घेऊन गाठणे आम्हाला कधीच जमले नसते. त्यांनी मोबाईलवरून शंभर, पाचशे असे करत महिन्याभरात ४२,००० रुपये दिले. प्रत्येक रक्कम सर्वांना दिसत असल्यामुळे गावातली नेहमीची कुजबुजही या वेळी झाली नाही.

नोंदणीला मात्र दीड महिना लागला. मंडळ कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असल्याने प्रमाणपत्र कन्नडमध्ये आहे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून द्यावे लागले. शिवाय देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी ८०जी ची मान्यता नसल्याने करसवलत शोधणाऱ्या देणगीदारांना आमचे पान दिसतच नव्हते. कंपन्यांकडून निधी मिळवून देण्याचे आश्वासनही असेच हवेत राहिले. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा कोणत्या कामांवर खर्चावा याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि तीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण येते हे खरे; पण तो पैसा घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेला २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, हे आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही.

माझी खरी तक्रार वस्तुरूप देणगीविषयी आहे. देणगीदाराने ‘फुटबॉल संच’ हे बटण दाबले की सेवेचा ठरलेला पुरवठादार खोके पाठवतो. आमच्याकडे आलेल्या खोक्यातले बाराही चेंडू पाच नंबरचे होते. हा मोठ्यांचा चेंडू : घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आमची निम्मी मुले दहा-अकरा वर्षांची. त्यांना चार नंबरचा हलका चेंडू लागतो. चौथीतल्या एका मुलीने तो पाच नंबरचा चेंडू दोन दिवस मारला आणि तिसऱ्या दिवशी पाय धरून बसली. त्यातच आमचे मैदान जांभ्या खड्यांचे असल्यामुळे चेंडूंची वरची चकचकीत साल दोन आठवड्यांत सोलून निघाली आणि आतले कापड दिसू लागले. बदलून मागितले, तर वापरलेला माल परत घेत नसल्याचे उत्तर आले.

पान चालू ठेवायचे असेल, तर दर पंधरा दिवसांनी खेळणाऱ्या मुलांचे फोटो पाठवावे लागतात. जुलैमध्ये आमच्याकडे मैदानावर घोटाभर पाणी असते आणि मुले आईवडिलांबरोबर भाताच्या लावणीला गेलेली असतात. फोटो गेले नाहीत, म्हणून शेवटचा हप्ता अडकला. लावणीचा फोटो पाठवून पाहिला. तो ‘विषयाशी संबंधित नाही’ म्हणून परत आला. फोनवर बोलणारी मुलगी सौजन्याने वागली, पण तिच्या हाती काही नव्हते.

देणगीदारांनाही सावध करावेसे वाटते. पैसे भरताना सेवेसाठीची ‘टिप’ आधीच भरलेली असते आणि ती स्वतःहून शून्य करावी लागते. माझ्या मामेभावाने हजार रुपये समजून अकराशे वीस भरले, आणि वरचे एकशे वीस मंडळाला मिळाले असे तो अजूनही धरून चालला होता.

चेंडू-जर्सीला देणगीदार लगेच मिळतो. मैदान आखायची फक्की, बेळगावला सामन्यासाठी न्यायचे टेम्पोभाडे आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या आमच्या प्रशिक्षकांचे मानधन यांना त्या पानावर रकानाच नाही. हा दरमहाचा खर्च आम्ही पुन्हा पावतीपुस्तकावर आणला आहे. इंटरनेटचे पान यंदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात उघडू, वस्तूंचा पर्याय बंद ठेवू, आणि चार नंबरचे चेंडू बेळगावच्या दुकानात हातात धरून, दाबून पाहूनच विकत घेऊ.