यू-बोटीची डेक गन: किटमधलीच सुधारायची, की बाहेरून नवी घ्यायची?

रेव्हेलचं 1/72 मधलं (खऱ्याच्या 72 पट लहान) टाइप 7सी यू-बोटीचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचं, किट ज्यांनी घेतलंय किंवा घ्यायचं ठरवतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. खरी बोट 67 मीटरची, म्हणजे मॉडेल साधारण 93 सेंटिमीटरचं होतं, अर्धं टेबल तेच खातं. पण एवढी लांब बोट बांधून झाली की बघणारा वाकून बघतो दोनच जागा, एक कॉनिंग टॉवर (डेकच्या मधोमधचा मनोरा) आणि दुसरी त्याच्या पुढ्यातली तोफ, म्हणजेच डेक गन. बाकी हल, म्हणजे बोटीचं अंग, कितीही घासूनपुसून केलेला असो, तोफ जाडीभरडी दिसली की सगळं मॉडेल खेळणं वाटतं. त्यामुळे पैसे आणि वेळ कुठे घालायचा हा प्रश्न शेवटी या तोफेपाशीच येतो.

मी ही तोफ आत्तापर्यंत चार प्रकारांनी करून बघितलीय: किटचीच सुधारून, फोटोएच (पातळ पितळी पत्र्याचे भाग) लावून, तयार रेझिनची (साच्यात ओतून केलेली) आणून, आणि मित्राच्या प्रिंटरवर काढून. चारही अजून कपाटात शेजारीशेजारी आहेत, रोज दिसतात, त्यामुळे मत पक्कं झालंय.

पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, नाहीतर पैसे वाया. तुमची बोट कुठल्या साली दाखवायचीय? अटलांटिकमधल्या 7सी बोटींवरच्या या तोफा 1943 मध्ये काढून टाकल्या, कारण तोपर्यंत दोस्त राष्ट्रांची विमानं इतकी वाढली होती की पाण्यावर येऊन तोफ डागत बसणं म्हणजे मरण, आणि ती जागा, ते वजन विमानविरोधी बंदुकांना हवं होतं. म्हणजे 1944 ची अटलांटिकमधली बोट करत असाल तर तोफच नको, डेकवरची भोकं भरा आणि टॉवरमागच्या प्लॅटफॉर्मकडे वळा. 1941 ची बोट असेल, समजा एरिक टॉपची यू-552, जिनं 31 ऑक्टोबर 1941 ला रूबेन जेम्स ही अमेरिकन विनाशिका बुडवली, तर तोफ हवीच.

दुसरं ठरवायचं ते तोफ बंद आहे की चालू. हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. बोट प्रवासात असताना तोफेच्या तोंडात पाणी शिरू नये म्हणून बूच बसवलेलं असायचं, दुर्बिणी काढून आत नेलेल्या असायच्या, आजूबाजूला माणूस नाही. म्हणजे प्रवासातली बोट करत असाल तर नळीचं तोंड कोरायची गरजच नाही, फक्त गोल आणि सपाट बूच दिसलं पाहिजे. लोक मात्र पिन व्हाइस (हातानं फिरवायचा बारीक ड्रिल) घेऊन पहिल्यांदा तोंडच कोरायला बसतात. तोफ चालू दाखवायची असेल तर बूच काढलेलं, ब्रीच (नळीचा मागचा, गोळा भरायचा भाग) उघडं, दुर्बिणी लावलेल्या, दोन बाजूंना दोघे हातचाकं फिरवतायत, मागे गोळे हातोहात येतायत. हे गोळे बोटीच्या पोटातून कंट्रोल रूम, टॉवर असं करत माणसांची साखळी लावून वर यायचे, तोफेजवळ वॉटरटाइट पेटीत थोडेच असायचे. हा सीन केला तर ब्रीचचं डिटेल लागतं, आणि किटच्या प्लॅस्टिकमध्ये ते नसतं.

आता तोफेबद्दल थोडं, कारण चुकीचा भाग विकत घेणारे खूप बघितलेत. ही तोफ 8.8 सेंटिमीटर एसके सी/35. नुसतं 88 ऐकलं की लोकांना जमिनीवरची प्रसिद्ध विमानविरोधी फ्लाक आठवते आणि ते 1/72 च्या फ्लाकची पितळी नळी मागवतात, कारण ती सहज मिळते आणि स्वस्तही पडते. दोन्ही तोफा पूर्ण वेगळ्या, गोळेसुद्धा एकमेकींना चालत नाहीत. बोटीवरची नळी 45 कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या भोकाच्या 45 पट लांब, 4 मीटरला जरा कमी, 1/72 मध्ये साधारण 55 मिलिमीटर. फ्लाकची 56 कॅलिबरची, ती 1/72 मध्ये 68 च्या आसपास जाते. एवढ्याशा तोफेवर 13 मिलिमीटर जास्त म्हणजे डोळ्यात खुपतंच, आणि नळीचा आकारही जुळत नाही. विक्रेत्याच्या पानावर फक्त 88 लिहिलं असेल तर थांबा, बोटीसाठीची आहे का ते बघा, मगच पैसे भरा.

आता एकेक पर्याय घेतो.

किटचीच तोफ सुधारणं हा सगळ्यात स्वस्त रस्ता आणि मी म्हणेन की पहिल्या बोटीला हाच घ्या. नळीवरची साच्याची रेष हा मुख्य शत्रू. ती काढायला सरळ फाइल फिरवली तर नळी एका बाजूनं चपटी होते, म्हणून 800 नंबरचा पॉलिश पेपर बारीक पट्टी कापून नळीभोवती बूट पुसल्यासारखा मागेपुढे ओढायचा, मग 1200 नं. तोंड कोरायचंच असेल तर आधी सुईनं बरोबर मध्यावर खूण दाबा, मग 0.5 चा ड्रिल, मग 0.8, आणि शेवटी 1.2, कारण 88 मिलिमीटर भागिले 72 म्हणजे 1.2 च होतं. थेट 1.2 घातला की भोक हमखास एका बाजूला जातं आणि कड फुटते.

सगळ्यात मोठा बदल मात्र नळीपेक्षा खांद्याच्या टेकूंनी होतो. या तोफेला दोन्ही बाजूंना वाकवलेल्या नळीचे, वर गादी बसवलेले टेकू असतात, डुलणाऱ्या डेकवर माणूस त्यात अंग टाकून उभा राहतो. किटमध्ये ते जाड येतात, खऱ्या मापात बघितलं तर मांडीएवढे होतील. ते कापून टाकायचे आणि जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार, 0.3 ची, ड्रिलच्या दांड्याभोवती वळवून लावायची. 0.3 म्हणजे खऱ्या मापात 21 मिलिमीटरचा पाइप, अगदी बरोबर बसतं. गाद्यांना एम-सीलचा कण पुरतो, ओल्या बोटानं दाबून आकार द्यायचा आणि पिनच्या टोकानं शिवण ओढायची. एक संध्याकाळ, खर्च जवळपास शून्य, आणि तोफ ओळखू येत नाही इतकी बदलते.

फोटोएच. हे नाव ऐकलं की नवीन माणूस हुरळून जातो, मीही घेतलंय आणि परत घेईन, पण तोफेसाठी नाही. फोटोएच म्हणजे पितळेचा पातळ पत्रा, आणि पत्रा सपाट असतो. तोफेवरचे टेकू, पाइप, दांडे हे सगळं गोल. सपाट पट्टी वाकवून पाइप दाखवला की समोरून ठीक दिसतो आणि बाजूनं कागदासारखा. हातचाकं, दुर्बिणीचे ब्रॅकेट, पायाखालच्या जाळीदार फळ्या एवढ्याला फोटोएच उत्तम, बाकीचं सोडून द्या. टॉवरच्या रेलिंगसाठी, डेकच्या जाळ्यांसाठी सेट घेतलाच असेल तर त्यातले तोफेचे हे तीन-चार तुकडे वापरा, फक्त तोफेसाठी वेगळा सेट मागवू नका. वाकवायच्या आधी तुकडा मेणबत्तीवर धरून तापवा आणि गार होऊ द्या, पितळ मऊ पडतं, घडी तुटत नाही. माझा एक सेट पार्सलमध्येच मधोमध दुमडून आला होता, तो असा तापवून, दोन काचांमध्ये दाबून सरळ केला, वापरण्याजोगा झाला, पण दोन चाकं गेलीच.

रेझिनची पूर्ण तोफ. चालू तोफ, उघडं ब्रीच, माणसं असा सीन करायचाय तर सरळ ही घ्या, विचार करू नका. चांगल्या रेझिनमध्ये ब्रीचच्या आतले कोपरे, बैठकीवरचे बोल्ट, दातेरी चक्र असं सगळं धारदार येतं, इंजेक्शनच्या प्लॅस्टिकला ते साच्यातून सुटण्याच्या अडचणीमुळे जमतच नाही. पण तीन गोष्टी माहीत असू द्या. एक, भाग ओतणीच्या ठोकळ्याला चिकटून येतात, ते बारीक करवतीनं कापावे लागतात आणि नेमके टेकूसारखे नाजूक भाग तिथेच मोडतात. दोन, रेझिनची लांब नळी कधीकधी किंचित वाकलेली निघते, गरम पाण्यात बुडवून सरळ होते पण उन्हाळ्यात कपाटात परत झुकू शकते. तीन, धूळ. घासायचं ते पाण्यात ओलं करून आणि मास्क लावूनच, घरात लहान मुलं असतील तर बाल्कनीतसुद्धा कोरडं घासू नका. लावण्याआधी साबणाच्या पाण्यानं धुवा, नाहीतर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) सालीसारखा निघतो. आणि परदेशातून मागवायची असेल तर वस्तूची किंमत बघून ठरवू नका, पोस्टेज आणि कस्टम धरून बघा. एकटी तोफ मागवणं महाग पडतं, दोघातिघांनी एकत्र ऑर्डर करा.

थ्रीडी प्रिंट हा नवीन पर्याय आणि खरं सांगायचं तर 1/48 वाल्यांनी आता इथूनच सुरुवात करावी. ट्रम्पेटरची 1/48 ची 7सी जवळपास 1 मीटर 40 सेंटिमीटरची होते, तिच्यावर तोफेची नळीच 82 मिलिमीटरची, तिथे प्रत्येक बोल्ट दिसतो. रेझिन प्रिंटरवर काढलेली तोफ त्या मापात अप्रतिम येते. 1/72 ला मात्र टेकूंसारखे बारीक भाग इतके ठिसूळ होतात की सपोर्ट (प्रिंट होताना भागाला धरून ठेवणाऱ्या काड्या) काढतानाच तुटतात, कोमट पाण्यात ठेवून काढले तर थोडं बरं. गोल नळीवर थरांच्या रेषा दिसतात, त्या घासायला गेलं की परत आपण किटच्या नळीइतकंच काम करतोय. त्यामुळे बैठक प्रिंटची आणि नळी पितळेची ही जोडी मला सगळ्यात आवडली.

लेथवर कातलेली पितळी नळी हा खरं तर पाचवा पर्याय आणि एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर मी हीच घेईन. सरळ, गोल, उतार बरोबर, तोंड कोरलेलं, कुठेही रेष नाही. किटची बैठक, तांब्याच्या तारेचे टेकू आणि पितळी नळी एवढ्यात 1/72 ची प्रवासातली तोफ रेझिनच्या बरोबरीनं दिसते, माझ्या कपाटातल्या दोन तोफा शेजारी ठेवून अनेकांना विचारलंय, हातभर अंतरावरून कोणाला फरक सांगता आलेला नाही. जोडताना नळीच्या मागे बारीक भोक पाडून तारेची खुंटी घाला, नुसत्या फेविक्विकवर पितळ टिकत नाही, धक्का लागला की निघतं.

1/144 वाल्यांनी यातलं काहीच घेऊ नये. तिथे अख्खी नळी 27 मिलिमीटरची, तोंडाचं भोक 0.6 चं. रेष काढा, टेकू तारेचे करा, पुढे चला.

ज्यांच्याकडे टाइप 9सी (7सी पेक्षा मोठी यू-बोट) आहे त्यांची तोफ वेगळी, 10.5 सेंटिमीटर एसके सी/32, 1/72 मध्ये नळी साधारण 66 मिलिमीटरची. वरचं सगळं तिलाही लागू. पण या टाइपमध्ये एक बोट अशी आहे की तिच्यासाठी नळी विकत घेऊन मुद्दाम कापावी लागते. यू-156, कमांडर हार्टेनस्टाइन. 16 फेब्रुवारी 1942 च्या रात्री अरुबा बेटावरच्या तेल रिफायनरीवर तोफ डागायला गेले आणि तोंडातलं बूच काढायचं राहिलं. पहिलाच गोळा नळीत फुटला, एक खलाशी गेला, तोफखान्याचा अधिकारी जबर जखमी झाला, त्याला नंतर मार्टिनिकला उतरवावं लागलं. मग त्यांनी फाटलेलं टोक हॅकसॉनं कापून टाकलं आणि त्याच आखूड तोफेनं पुढे जहाजांवर मारा केला. त्या एका बुचाची ही गोष्ट कळल्यापासून मी प्रत्येक तोफेवरचं बूच वेगळं रंगवतो, कितीही लहान असलं तरी. यू-156 करायची असेल तर पितळी नळी घ्या, कापलेली कड किंचित खडबडीत ठेवा, तिला घासून गुळगुळीत करू नका.

आणि आपल्या बाजूच्या समुद्राची बोट करायची इच्छा असेल तर मोन्सून गटातल्या, म्हणजे हिंदी महासागरात पाठवलेल्या यू-बोटींपैकी, टाइप 9 कडे बघा. त्यातल्या यू-168 नं 2 ऑक्टोबर 1943 ला मुंबईच्या पश्चिमेला हायचिंग हे जहाज बुडवलं होतं, आणि या गटातल्या बोटींनी अरबी समुद्रात शिडाची गलबतंही गोळीबारानं बुडवली. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ही बोट समोरून पाहिलेली असू शकते, आणि मला वाटतं असं मॉडेल इथल्या प्रदर्शनात नुसत्या अटलांटिकवाल्यापेक्षा जास्त बोलेल. विशाखापट्टणमला कुरसुरा ही भारतीय नौदलाची जुनी पाणबुडी बघून आलेले विचारतात की तिच्यावर तोफ का नाही, तर ती सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातली, युद्धानंतरची बोट, तोवर डेकवरच्या तोफेचा जमानाच संपला होता.

रंगाचं थोडक्यात. तोफ काळी किंवा लोखंडी रंगाची करू नका, ती बोटीसारखीच राखाडी असते, हेलग्राऊ 50 (फिकट राखाडी) किंवा डुंकेलग्राऊ 51 (गडद राखाडी). खालचं लाकडी डेक जवळपास काळपट, त्यामुळे राखाडी तोफ आपोआप उठून दिसते. गंज दाखवायचा तो बैठकीच्या बुडाशी आणि बोल्टांखाली, नळीवर नाही, नळी ग्रीस लावून जपायचे. आणि लॅकर रंग वापरत असाल तर कोकण-मुंबईकडच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे करणं टाळा, दमट हवेत रंग पांढरट पडतो, माझ्या रेझिनच्या तोफेवर तसाच पडला आणि पूर्ण उतरवून परत करावा लागला. त्या महिन्यांत तारेचं, घासायचं काम उरका आणि रंगाला दसऱ्यानंतर हात घाला.