लेव्हल स्वतः बांधायची असेल, तर ‘सुपर मारियो मेकर २’ घ्यावा की ‘जॉमेट्री डॅश’?

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला मुंबईची भावंडे गावी आली, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत एकाच पडद्याभोवती पाच-सहा मुले गोळा होतात. त्यांत एखादे मूल असे असते, की नुसते खेळून त्याचे समाधान होत नाही. ‘इथे खड्डा हवा होता, तिथला शत्रू उगाच आहे’ असे ते सांगू लागते. अशा मुलासाठी खेळ घ्यायचा झाला, तर आपल्याकडे दोन पर्याय प्रामुख्याने समोर येतात: निन्टेंडो कंपनीच्या ‘स्विच’ या खेळाच्या यंत्रावरचा ‘सुपर मारियो मेकर २’ आणि मोबाइल व संगणकावर चालणारा ‘जॉमेट्री डॅश’. किमतीत या दोहोंची बरोबरीच होऊ शकत नाही, त्यामुळे पुष्कळ पालक तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. माझ्या मते मात्र किमतीच्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे मुलाने बांधलेली लेव्हल, म्हणजे खेळातला एक टप्पा, खेळणार कोण. घरातली माणसे खेळणार असतील तर एक उत्तर येते आणि दूरची अनोळखी माणसे खेळणार असतील तर दुसरे.

‘सुपर मारियो मेकर २’ २८ जून २०१९ रोजी आला. मारियोच्या चार जुन्या द्विमितीय रूपांपैकी कोणतेही रूप निवडून त्यात लेव्हल रचता येते. ‘सुपर मारियो ३डी वर्ल्ड’चे पाचवे रूपही आहे, परंतु त्याचे नियम आणि सामान वेगळे असल्यामुळे इतर रूपांत बांधलेली लेव्हल तिकडे नेता येत नाही. ज्यांना लगेच बांधायला सुचत नाही, त्यांच्यासाठी राजकन्या पीचचा किल्ला पुन्हा उभारण्याची कथा आणि तिच्यात शंभरहून अधिक तयार लेव्हल आहेत. ‘जॉमेट्री डॅश’ ऑगस्ट २०१३ मध्ये स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला यांनी प्रसिद्ध केला. त्यात चौकोनी ठोकळा आपोआप पुढे धावतो आणि खेळणाऱ्याने संगीताच्या तालावर नेमक्या क्षणी बोट टेकवून त्याला उडवायचे असते. डिसेंबर २०२३ च्या २.२ या आवृत्तीपासून त्यात प्लॅटफॉर्मर पद्धतही आली, म्हणजे ठोकळ्याला डावीकडे-उजवीकडे स्वतः चालवता येऊ लागले. त्याआधीची परीक्षणे वाचून ‘यात फक्त धावणेच आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर ते आता खरे नाही.

बांधण्याचा अनुभव मात्र दोहोंत फारच वेगळा आहे, आणि निवड खरी इथेच होते. मारियो मेकरमध्ये स्विच हातात धरून बोटाने पडद्यावर जमीन ओढायची, वरच्या पट्टीतून विटा, नळ, पूल, शत्रू उचलून ठेवायचे आणि एका बटणावर तिथेच खेळून पाहायचे. एक उदाहरण सविस्तर पाहू. आपल्या खाडीची लेव्हल करायची असे मुलाने ठरवले, तर त्याने जंगलाची थीम घ्यावी. तिच्यात पाण्याची पातळी किती असावी, ती कुठपर्यंत चढावी आणि कोणत्या वेगाने चढावी-उतरावी हे ठरवता येते. म्हणजे भरती-ओहोटी तयारच मिळते. वर साकवासारखा अरुंद पूल टाकला आणि पाण्यात चीप चीप मासे सोडले, की ओहोटीला मारियो खालून चालत जाऊ शकतो आणि भरतीला त्याला पोहावे तरी लागते किंवा पूल तरी गाठावा लागतो. त्याच थीमची रात्र निवडली, की पाण्याच्या जागी विष येते आणि तीच रचना एकदम कठोर होते, कारण आता पोहण्याचा मार्ग उरत नाही. दहा वर्षांचे मूल हे सारे एका बैठकीत करू शकते, आणि पाणी चढायला किती वेळ द्यावा हे ठरवताना त्याला खेळणाऱ्याच्या जागी बसून विचार करावा लागतो. समोर बसलेली बहीण तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी बुडाली, की चूक तिची नसून आपल्या रचनेची आहे हे त्याला दिसते. एकाच स्विचवर दोघांनी मिळून बांधण्याचीही सोय आहे, आणि एकत्र जमलेल्या भावंडांसाठी या सोयीचे मोल मला सर्वांत अधिक वाटते.

‘जॉमेट्री डॅश’चा एडिटर, म्हणजे लेव्हल बांधायचे साधन, अधिक खोल आहे, पण त्याची पहिली पायरी उंच आहे. ठोकळे आणि काटे मांडणे सोपे असते. पुढे मात्र वस्तूंना गट-क्रमांक देऊन ‘ट्रिगर’ लावावे लागतात, तेव्हा कुठे एखादी भिंत सरकते, रंग बदलतो किंवा कॅमेरा फिरतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे काम डोळ्यांना आणि बोटांना थकवणारे आहे. तरीही गणिताची आवड असलेल्या आठवी-नववीच्या मुलाला यात जे रमता येते, ते मारियो मेकरमध्ये येणार नाही, कारण तिथे वस्तूंचे स्वभाव ठरलेले असतात आणि इथे ते बऱ्याच अंशी आपण ठरवतो. शिवाय उडी आणि ठेका यांचा मेळ बसवणे ही एक वेगळीच कला आहे. ढोलकी किंवा तबला शिकणाऱ्या मुलाला ती चटकन भावते. एक खबरदारी घ्यावी: ‘लाइट’, ‘मेल्टडाउन’, ‘वर्ल्ड’ आणि ‘सबझिरो’ या फुकट आवृत्त्यांत एडिटर नाही. ‘फुकट आहे ना, मग तीच घे’ असे म्हणून ती उतरवून दिली, तर ज्यासाठी खेळ घेतला तेच मिळणार नाही. बांधण्यासाठी पैसे भरून घ्यायची मूळ आवृत्तीच हवी.

एक नियम दोन्हीकडे सारखा आहे आणि तो मला फार योग्य वाटतो. लेव्हल जगासमोर ठेवण्यापूर्वी ती बांधणाऱ्याने स्वतः पूर्ण करून दाखवावी लागते. जॉमेट्री डॅशमध्ये सरावासाठी मध्येच थांबे घेता येतात, पण ते या परीक्षेत चालत नाहीत. या नियमाचे महत्त्व पहिल्या ‘सुपर मारियो मेकर’च्या शेवटी दिसले. त्या खेळाची ऑनलाइन सेवा बंद होण्याआधी कोणीही पूर्ण न केलेल्या सर्व लेव्हल संपवायच्या, असा निर्धार ‘टीम झिरो पर्सेंट’ नावाच्या खेळाडूंच्या गटाने केला होता. अखेरीस उरलेल्या एका अतिकठीण लेव्हलबद्दल मार्च २०२४ मध्ये तिच्या कर्त्यानेच सांगितले, की ती त्याने हाताने खेळून नव्हे, तर यंत्राच्या साहाय्याने पूर्ण करून चढवली होती. स्वतःला न जमणारे दुसऱ्यापुढे ठेवू नये, हा साधा धडा मुलांना या नियमातून आपोआप मिळतो.

आता नेटवर्क आणि विजेचा विचार करू, कारण किनाऱ्यावर तो टाळता येत नाही. पावसाळ्यात वीज जाते, घाटीच्या कुशीतल्या वाडीत मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यापुरतीच असते. बांधणे आणि बांधलेले घरात खेळणे या दोन्ही गोष्टी दोन्ही खेळांत इंटरनेटशिवाय होतात. पण मारियो मेकरमध्ये लेव्हल चढवायला किंवा इतरांच्या खेळायला ‘निन्टेंडो स्विच ऑनलाइन’चे सशुल्क सदस्यत्व लागते, ‘जॉमेट्री डॅश’मध्ये असे वेगळे शुल्क नाही. रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन मारियो मेकरच्या लेव्हल उतरवून ठेवल्या, तर त्या नंतर घरी खेळता येतात. विजेच्या बाबतीत फोन तर घरात असतोच. २०१९ नंतरच्या सुधारित साध्या स्विचची बॅटरी खेळानुसार साडेचार ते नऊ तास पुरते, असे कंपनी सांगते, त्यामुळे संध्याकाळची वीज गेली तरी अडत नाही.

चढवलेली लेव्हल कायम राहील, असे मात्र कोणत्याही खेळाबाबत धरून चालू नये. पहिल्या मारियो मेकरवर नव्या लेव्हल स्वीकारणे ३१ मार्च २०२१ रोजी थांबले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाच बंद झाली. त्याच सुमारास ‘लिटलबिगप्लॅनेट ३’ या लेव्हल बांधण्याच्याच आणखी एका खेळाचे सर्व्हरही कायमचे बंद झाले आणि त्यांवर जपलेल्या खेळाडूंच्या असंख्य रचना लोकांच्या हातून गेल्या. मुलाच्या मेहनतीबद्दल आस्था असेल, तर हे आधीच समजून घ्यावे. मारियो मेकरच्या लेव्हल खेळाच्या कार्डावर नव्हे, तर यंत्राच्या आत साठतात. कार्ड दुसऱ्याला दिले तरी त्या त्याच्यासोबत जात नाहीत. ‘जॉमेट्री डॅश’मध्ये खाते उघडून ‘सेव्ह’ स्वतः दाबावे लागते. ते न करता फोन बदलला, तर सगळे काम जाते.

खर्चाचे गणित सरळ आहे. घरात फोन असेल तर ‘जॉमेट्री डॅश’ काही शे रुपयांच्या आत येतो. मारियो मेकरसाठी यंत्र, खेळ आणि हवे असल्यास सदस्यत्व असा मोठा खर्च आहे. शिवाय स्विच आपल्याकडे बहुधा आयात करून विकणाऱ्यांकडून घ्यावा लागतो, तेव्हा दुरुस्तीची जबाबदारी कोण घेणार हे बिल करण्याआधीच विचारावे. खाऱ्या हवेत धातूच्या जोडण्या लवकर गंजतात, हे मासेमारी बंदराजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. यंत्र वापरात नसताना बंद डब्यात ठेवावे.

माझा कौल असा आहे. मूल सात ते बारा वर्षांचे असेल, घरात भावंडे असतील आणि खर्च झेपत असेल, तर मारियो मेकर २ घ्यावा, सदस्यत्व पहिल्या वर्षी घेऊच नये. घरातले खेळाडू पुरेसे आहेत. मूल मोठे असेल, एकटे बसून बारकाईने काम करणारे असेल किंवा फोनपलीकडे खर्च करायचा नसेल, तर ‘जॉमेट्री डॅश’ निःशंक घ्यावा आणि शक्य असल्यास तो संगणकावर घ्यावा, कारण माउसने ट्रिगर लावणे कितीतरी सुसह्य होते. स्विच घेणाऱ्यांनी ‘लाइट’ हे स्वस्त रूप मात्र टाळावे. ते टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, त्यामुळे दोघांनी मिळून बांधायचे तर आणखी कंट्रोलर विकत घ्यावे लागतात आणि वाचवलेल्या पैशांतले बरेचसे तिथेच जातात.