विश्रामबागचा मराठी व्याकरणाचा क्लास: अलंकारांसाठी डोळे झाकून लावा

पोरगी दहावीत आहे, मराठीत बाकी सगळं बरं पण अलंकार ओळखा आलं की मार्क गेलेच, म्हणून सांगलीत विश्रामबागला मराठी व्याकरणाचा एक छोटा क्लास आहे तिथं घातली. डेमो लेक्चरला पालकांनाही बसू देतात, मी पूर्ण तासभर बसलो आणि तिथंच फी भरून आलो.

बऱ्याच ठिकाणी सारखा, परी, गत दिसलं की उपमा आणि जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, एवढं पाठ करून घेतात. मॅडमनी फळ्यावर लिहिलं 'तो सारखा रडतो', कुठला अलंकार? अर्ध्या वर्गानं उपमा सांगितलं. अरे तुलनाच नाही तर उपमा कुठली! आधी उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, शोधा, मग उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, मग दोघांत समान काय ते बघा, खुणेचा शब्द सगळ्यात शेवटी, हे त्यांनी पोरांकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की माझंही पाठ झालं.

मला सगळ्यात आवडलं ते हळदीचं. मार्केट यार्डातली हळद इथल्या पोरांनी पाहिलेली असतेच. ऊन हळदीसारखं पिवळं, ही उपमा. अंगणात ऊन पडलंय, जणू हळदच सांडलीय, ही उत्प्रेक्षा. 'उन्हाची हळद' म्हटलं की रूपक, दोघांत फरकच ठेवला नाही. हे ऊन नव्हेच, हळद आहे, ही अपन्हुती. आणि हळदीपेक्षाही पिवळं ऊन, हा व्यतिरेक. ऊन तेच, हळद तीच, फक्त दोघं किती जवळ आणली त्यावर नाव बदलतं, इतकं स्वच्छ मी तरी कुठं ऐकलं नव्हतं! मग म्हणाल्या 'सांगलीसारखी सांगलीच', पोरं परत उपमा म्हणायला लागली, तर हा अनन्वय, कारण तुलना स्वतःशीच आहे.

शब्दालंकार, म्हणजे शब्दांच्या खेळावरचे अलंकार, मात्र घाईत उरकतात. यमक, अनुप्रास ठीक आहे पण श्लेषाला अजून एक तास द्यायला पाहिजे, एका शब्दाचे दोन अर्थ पोरांना पटकन दिसत नाहीत. बॅच पण जरा भरलेली असते, मागच्या बाकावरनं फळा नीट दिसत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढं बसवा. नोट्स हातानं लिहायला लावतात, झेरॉक्स देत नाहीत, मला ते योग्यच वाटतं.

स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी संध्याकाळची वेगळी बॅच आहे, शिकवायला याच मॅडम.