उरलेल्या दोन वर्षांच्या नावाखाली घेतलेली वर्गणी

माझे २७५ डॉलर गेले. त्या रकमेवर मी केव्हाच पाणी सोडलंय. पण ज्या गोष्टीच्या नावावर ते घेतले गेले, ते मनाला लागलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेवर जीव असणाऱ्या कुणालाही हाच गळ टाकला जाऊ शकतो. टाकणाऱ्याला आपली दुखरी नस बरोबर ठाऊक असते.

ती नस अशी. एका अंतराळयानाच्या सफरींची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि तीन सीझन, ७९ भाग झाल्यावर जून १९६९मध्ये बंद पडली. दर भागाच्या सुरुवातीला यानाच्या कॅप्टन कर्कच्या आवाजात पाच वर्षांच्या मोहिमेचा उल्लेख येतो. पडद्यावर मिळाली तीनच वर्षं. उरलेली दोन वर्षं चाहत्यांना कायम खुपत आली, आणि शेवटी चाहत्यांनीच ती भरून काढायचं मनावर घेतलं.

ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. जेम्स कॉली यांची 'न्यू व्हॉयेजेस' ही चाहत्यांनी बनवलेली मालिका २००४मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात त्यांनी जुन्या मालिकेतल्या जहाजाचे सेट जसेच्या तसे उभे केले. मूळ मालिकेतले कलाकारही तिच्यात आपल्या जुन्या भूमिकांत दिसले: २००६मध्ये वॉल्टर कोनिग चेकॉव्ह म्हणून परत आले, २००७मध्ये जॉर्ज टाकेई सुलू म्हणून. टाकेईंच्या त्या भागाला विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. मग व्हिक मिन्योना यांची 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' आली, २०१३ ते २०१७, अकरा भाग. तिच्यात यानाचा इंजिनिअर स्कॉटी याचं काम मूळ स्कॉटी जेम्स डूहान यांच्या मुलाने, ख्रिस डूहानने केलंय. वडिलांची जागा मुलगा तशाच इंजिन रूममध्ये उभं राहून चालवतोय, हे पाहताना माझा गळा दाटून आला होता. आणि हे सगळं फुकट बघायला मिळतं.

गेल्या वर्षी मला एका माणसाचा मेसेज आला. 'आम्ही चौथा सीझन पूर्ण करतोय, सहा भाग लिहून तयार आहेत.' सोबत पटकथेची चार पानं आणि सेटचा एक फोटो. पानं खरंच चांगली होती. स्पॉक आणि मॅकॉय या मालिकेतल्या दोन पात्रांची खडाजंगी लिहिणाऱ्याने कान देऊन ऐकलेली होती. आज वाटतं, ती दुसऱ्याच कुणाची तरी चोरून आणलेली असणार. पण त्या रात्री मी ती तीनदा वाचली.

वर्गणीचे टप्पे ठरलेले होते. ७५ डॉलरला गणवेशाचा सोनेरी शर्ट आणि ब्लू-रे संच. आणखी २०० दिले की जहाजावरच्या कर्मचाऱ्यांत उभं राहायची संधी, शिवाय मूळ मालिकेत काम केलेल्या एका कलाकाराच्या सहीचा फोटो. कलाकाराचं नाव 'करार झाल्यावर' कळणार होतं. शर्टासाठी त्याने मापं मागितली. मी टेप घेऊन आरशासमोर उभा राहिलो, छाती, बाही, खांदा मोजून लिहून पाठवले. तेव्हाचा आनंद खरा होता, आणि त्याने हात घातला तो नेमका तिथेच.

मी विचारलं, हे किकस्टार्टरवर, म्हणजे लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर का नाही? उत्तर तयार होतं: तिथे पाच टक्के कापतात, शिवाय कार्डाचा खर्च वेगळा, त्यापेक्षा तेवढे पैसे सेटवर लागू देत. कपातीची गोष्ट खरी आहे. त्याने जे सांगितलं नाही ते असं, की तिथे ठरलेलं उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झालं नाही तर कुणाच्याच कार्डावरून पैसे जात नाहीत, आणि किती लोकांनी किती दिले ते सगळ्यांसमोर असतं. नुसतं तिथे असणं म्हणजे खात्री नव्हे, काम पूर्ण होईलच अशी हमी किकस्टार्टरही देत नाही. पण इथे तर मी एका अनोळखी माणसाच्या खात्यात थेट पैसे टाकत होतो, तेही पैसे ओळखीतल्यांना पाठवायचा 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडून, कारण त्याने तसंच करायला सांगितलं होतं. खरेदीला जे संरक्षण असतं ते या पर्यायाला नसतं. असा आग्रह कुणी धरला तर तिथेच थांबा.

पैसे दिल्यावर दोन महिने 'शूटिंग पुढे ढकललंय' हेच ऐकत होतो. मग माझा भाचा घरी आला. त्याला कौतुकाने सगळं दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "मामा, हे २०१६च्या नियमांत बसतं का?"

नियम मला माहीत होते, आणि मी त्यांच्यावर चिडूनही होतो. 'ॲक्सनार' नावाच्या फॅन फिल्मसाठी, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या फिल्मसाठी, दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमली, आणि डिसेंबर २०१५मध्ये 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट यांनी कॉपीराइटचा दावा लावला. पुढच्या जूनमध्ये त्यांनी फॅन फिल्मसाठी नियमावली काढली. एक भाग फार तर १५ मिनिटांचा, एका गोष्टीचे फार तर दोन भाग, पुढे सीझन वगैरे काही नाही. नावात 'स्टार ट्रेक' नको. वर्गणी ५०,००० डॉलरच्या आत. देणगीदारांना भेट म्हणून मालिकेच्या विनापरवाना वस्तू द्यायच्या नाहीत, डीव्हीडी किंवा ब्लू-रे वाटायचे नाहीत. काम करणारे सगळे हौशी हवेत, बिनपगारी, आणि आधी कधी अधिकृत 'स्टार ट्रेक'मध्ये काम केलेले नकोत. तेव्हा मला वाटलं होतं, चाहत्यांचे हात बांधले.

आता तीच यादी त्या माणसाच्या आश्वासनांशेजारी ठेवून बघितली. चौथा सीझन, सहा भाग, शर्ट, ब्लू-रे, मूळ मालिकेतला कलाकार. एकही गोष्ट नियमात बसत नव्हती. म्हणजे तो खरोखरच फिल्म काढणार असता तरी हे सगळं जाहीरपणे देणं म्हणजे दावा ओढवून घेणं होतं. प्रामाणिक फॅन फिल्मवाल्यांना हे नियम तोंडपाठ असतात. म्हणून कुणी वर्गणी मागितली तर पहिला प्रश्न हाच विचारा: १५ मिनिटांची आहे का, आणि देणगीदाराला काय देणार? 'त्या नियमांचं आम्ही बघून घेतलंय' असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. मला तेच उत्तर मिळालं, फक्त मी पैसे दिल्यानंतर विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचं खातं नाहीसं झालं.

तक्रार मी एफटीसी या अमेरिकेतल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रारी घेणाऱ्या कक्षाकडे केली आहे. एफटीसी एकेकट्याचे पैसे मिळवून देत नाही, पण तक्रारी तपास यंत्रणांपर्यंत जातात, त्यामुळे रक्कम लहान असली तरी करा. क्रेडिट कार्डाने पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा. माझे थेट बँक खात्यातून गेले होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन आला. माझी रक्कम त्याला अचूक माहीत होती. ही त्याच धंद्याची दुसरी पायरी. मी फोन ठेवला.

शेवटचं, त्या फोटोबद्दल. जहाजाच्या ब्रिजचा, म्हणजे नियंत्रण कक्षाचा फोटो आहे, मधोमध कॅप्टनची खुर्ची, समोर पडदा. तो मी मोठा करून बघितला. डाव्या बाजूच्या काळ्या चकचकीत पॅनलमध्ये फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलंय: हातात वर धरलेला फोन, खांद्यावर सॅकचा निळा पट्टा, आणि त्याचं बोट घट्ट धरलेलं एक लहान मूल. न्यूयॉर्क राज्यातल्या टायकॉन्डेरोगामधले कॉली यांचे सेट २०१६पासून परवान्यासह लोकांना बघायला खुले आहेत, आणि असे फोटो कुणीही पर्यटक काढू शकतो. माझ्यासारखंच प्रेम असणाऱ्या कुणीतरी मुलाला घेऊन जाऊन तो काढला असावा. हाच फोटो 'आमचा सेट' म्हणून तुमच्याकडे आला, तर डावीकडचा तो निळा पट्टा आधी शोधा.