प्लेनर बोर्ड आणि वजनवाली लाईन, मुंबईच्या पाण्यात चालतं का?

आधीच सांगून टाकतो, जिवंत बांगडा लावून सावकाश ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणं, करणार असाल तर घ्या, सुरमईसाठी ल्यूर (नकली आमिष) टाकून बोट पळवणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. माझी बोर्डांची जोडी बिननावाची आहे, अमेरिकेतल्या ऑफ शोअर टॅकलचा तो पिवळा ओआर12 येतो ना, त्याची नक्कल, ऑनलाईन मागवली आणि सोबत क्लिपवाली शिशाची वजनं.

वस्तू साधी आहे. फूटभराची तरंगणारी पट्टी, पुढचं तोंड तिरकं, बोट चालू लागली की पाण्याच्या दाबाने ती बाजूला सरकत जाते आणि लाईन पन्नास-साठ फूट लांब घेऊन जाते. मुळात हे तिकडच्या तलावांसाठी बनलंय. लेक ईरीमधे वॉलआय मासा मधल्या पाण्यात फिरतो, वरून बोट गेली की बिचकतो, मग लाईन बोटीपासून लांब न्यायची आणि वजन लावून त्याच्या थराला उतरवायची. आधी 50 फूट लाईन सोडा, वजन क्लिप करा, अजून 50 फूट सोडा, मग बोर्ड लावा. काहीजण वजनाऐवजी लेडकोर लाईन वापरतात, आत शिसं असतं आणि दर 10 यार्डांना रंग बदलतो, किती रंग बाहेर गेले त्यावरून खोली धरायची.

पवईला काठावर बसून कटला-रोहू करणाऱ्यांना याचा काडीचा उपयोग नाही. मी वापरलं मांडवा-खांदेरीच्या बाजूला. पट्ट्या पाण्यात सोडल्या तेव्हा तांडेल म्हणाला, "भाऊ, जाळी सोडून फळकूट काय ओढताय?" पण बांगडा मोटरच्या फेसापासून लांब चालताना बघितल्यावर गप्प बसला.

खरा खेळ वजनाचा आहे. 2 औंस, म्हणजे साधारण 57 ग्रॅम, लावलं तर पट्टी ताठ चालते. 3 ला शेपटी बसायला लागते आणि ती बाजूला जायचं सोडून मागे मागे येते, 4 लावलं की बुडते, विषय संपला. जास्त वजन किंवा लेडकोर लावायचा असेल तर मोठ्या साईझचा बोर्डच घ्या.

वळताना मजा येते. आतल्या बाजूची पट्टी मंदावते आणि तिचं वजन खाली जातं, बाहेरची जोरात धावते आणि आमिष वर येतं. आतल्या लाईनला मासा लागला तर समजायचं की त्यांना खोल किंवा हळू हवंय, बाहेरच्या लाईनला लागला तर उलट. हे कळायला लागलं की ती पट्टी नुसती पट्टी राहत नाही.

स्पीडचं मात्र नीट बघा. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, बोर्डाला कळतो पाण्यातला. उधाणाच्या दिवशी करंटच्या विरुद्ध निघालात तर स्क्रीनवर दीड नॉट दिसेल आणि इकडे पट्टी धडपडत असेल, म्हणून आकडा सोडा, पट्टीकडे बघा. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत हा त्रास फार कमी. आणि ल्यूरने सुरमई करायची तर पाच-सहा नॉट तरी लागतात, तेवढ्यात माझी पट्टी उड्या मारून उलटीच होते.

मासा लागला की पट्टीवरच्या झेंड्याकडे बघायची गरज नाही, पट्टी झटक्यात मागे खेचली जाते. हळूहळू मागे येत असेल तर आपल्या पाण्यात अर्ध्या वेळा ती प्लॅस्टिकची पिशवी असते, सवय करून घ्या. दुसरी डोकेदुखी म्हणजे जाळ्यांचे बोये. लाईन दोन्ही बाजूंना एवढी पसरलेली असते की एका बोयात अडकली की सगळं आवरेपर्यंत तासभर जातो, आणि कोळ्यांच्या शिव्या वेगळ्या. त्यांचं काही चूक नाही म्हणा, जाळं त्यांचं, पोट त्यांचं.

लाईन पट्टीला धरून ठेवणारी क्लिप या जोडीची सगळ्यात भिकार गोष्ट. ब्रेड (विणलेली) लाईन तिच्यातून सरळ घसरते, साधा नायलॉनचा तंगूस मात्र ती धरून ठेवते. मागच्या क्लिपला मधे पिन हवी, नाहीतर मासा झटापट करताना पट्टी सुटून वाहून जाते. मी दोन्ही क्लिप बदलून टाकल्या आणि तेव्हापासून तक्रार नाही. आणि हो, ऑर्डर करताना डावा-उजवा वेगळा लिहिलाय का ते बघा, दोन्ही एकाच बाजूचे आले तर एक नुसता शोकेसमधे ठेवायला.