हाड मोडल्यावर मोबाइलमध्ये कोणतं ॲप ठेवावं?

ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारामुळे, आईचा मणका चेपला किंवा खुब्याचं हाड मोडलं की घरातलं कुणीतरी हमखास फ्रॅक्स शोधून काढतं. शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेलं हे गणक वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर वगैरे विचारतं आणि पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. पण ते मुळात औषध सुरू न झालेल्यांसाठी आहे. उपचार चालू असताना तो आकडा रोज बघून फक्त धास्ती वाढते.

मेडिसेफसारखं औषधांची आठवण करून देणारं ॲप त्यापुढे अगदीच साधं वाटतं. माझं मत तरीही त्यालाच. हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. रोजची गोळी अंगवळणी पडते, आठवड्याची राहून जाते. त्याच कामाचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन तर ६ महिन्यांनी असतं. ते लांबलं तर हाडांची झीज एकदम वाढते आणि एकाहून जास्त मणके मोडू शकतात. मेडिसेफमध्ये डोस चुकल्याची सूचना घरच्यांच्या फोनवरही जाऊ शकते. आई साताऱ्यात आणि मुलगी बंगळुरूत असेल तर ही सोय मोठी. फक्त इंजेक्शनच चालू असेल तर फोनचं कॅलेंडर पुरे, आठवण मात्र दोन-तीन आठवडे आधीची लावा.

आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनचं कॅल्शियम गणक आठवडाभर वापरून बघा. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे. आईचं दूध-दही त्यात कितपत बसतं याचा अंदाज आला की ॲप काढून टाकलं तरी चालेल.

पडल्याचं ओळखणारं घड्याळ महाग. ॲपल वॉच जोरात पडल्यावर मिनिटभर हालचाल झाली नाही तर आपणहून मदतीसाठी फोन लावतं. पण रात्री बाथरूमला उठताना ते चार्जरवर असेल तर उपयोग शून्य. मी आधी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवेन, घड्याळाचं नंतर बघेन.

व्यायामाच्या ॲपबाबत मात्र हात आखडता घ्या. पावलं मोजायला हरकत नाही. पण चेपलेल्या मणक्याला कंबरेतून पुढे वाकणं धोक्याचं, आणि ‘सर्वांसाठी’ म्हणून दाखवलेल्या योगासनांत पुढे वाकून पाय धरायचं पश्चिमोत्तानासन असतंच. फिजिओथेरपिस्टने स्वतः शिकवलेले व्यायाम त्यांच्याच परवानगीने फोनवर चित्रित करून ठेवा. आईला ॲपपेक्षा तो व्हिडिओ सापडायलाही सोपा.