समुद्रकिनारी फोटोशूट: रिसॉर्टचा फोटोग्राफर, आपला फोटोग्राफर की मोकळा किनारा?

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला की प्री-वेडिंग शूटची घाई दिवाळीच्या आसपास सुरू होते. पुण्या-मुंबईच्या जोडप्यांसाठी अलिबाग, काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली किंवा थेट गोवा ही ठरलेली नावं. खोलीचे दर सगळेच चार ठिकाणी बघून घेतात. फोटोंचा दर मात्र बऱ्याच जणांना गेटवर कळतो. फोटोग्राफरच्या खांद्यावरची मोठी बॅग बघून सिक्युरिटीवाला विचारतो, "शूटिंग आहे का? ऑफिसात चार्ज भरावा लागेल." तोवर खोलीचे पैसे भरलेले असतात, मेकअप झालेला असतो आणि सूर्य मावळायला तास-दीड तासच उरलेला असतो. अशा वेळी घासाघीस होत नाही, मागतील तेवढे द्यावे लागतात. म्हणून तुलना करायची ती खोली आणि फोटो मिळून होणाऱ्या एकूण खर्चाची.

पहिला पर्याय, रिसॉर्टचाच फोटोग्राफर. यात दोन तऱ्हा आहेत. एकात पॅकेज आधी ठरतं: किती तास, किती एडिट केलेले फोटो, किती पैसे. ही व्यवस्था सरळ आहे. दुसऱ्या तऱ्हेत कोणीतरी पूलवर, नाश्त्याला, किनाऱ्यावर तुमचे फोटो काढत राहतो आणि निघताना काउंटरवर दाखवतो. काढायचे पैसे नाहीत, न्यायचे आहेत, आणि तेही एकेका फोटोचे. लहान मुलं बरोबर असली की ते फोटो सोडवत नाहीत. एक गोष्ट इथे माहीत असावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार तुम्ही सांगून, मोबदला देऊन फोटो काढून घेतलात तर वेगळा करार नसल्यास त्याचे पहिले मालक तुम्ही. रिसॉर्टने आपणहून काढलेल्या फोटोंना हे लागू नाही. तिथे तुम्ही बहुधा प्रत विकत घेता, हक्क घेत नाही. पॅकेजच्या कागदावरही 'फोटो जाहिरातीसाठी वापरू' असं बारीक अक्षरात आहे का, हे सही करण्याआधी बघा. नको असेल तर खोडायला सांगा.

दुसरा पर्याय, रिसॉर्टात आपला फोटोग्राफर नेणं. खरी ठेच लागते ती इथे. लोकेशन चार्ज, आउटसाइड व्हेंडर चार्ज, प्रॉपर्टी शूट, नावं वेगवेगळी, बिल एकच. रिसॉर्टने पैसे घेऊच नयेत असं मी म्हणणार नाही. लॉन, बाग, पूल त्यांचा आहे, त्याची निगा ते राखतात आणि बाकीच्या पाहुण्यांच्या खासगीपणाचीही जबाबदारी त्यांच्यावर असते. माझं भांडण उशिरा सांगण्याशी आहे. केवळ हिशेब समजावा म्हणून आकडे धरू: खोली ₹६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ₹६,३००. शूटचा चार्ज ₹८,००० आणि त्यावर १८ टक्के धरला तर ₹९,४४०. झाले ₹१५,७४०, आणि यात फोटोग्राफरची फी नाही. बुकिंगच्या पानावर दिसले होते सहा हजार. शेजारी ₹९,००० ची खोली असेल आणि तिथे शूटला वेगळे पैसे नसतील, तर तीच स्वस्त.

एकदिवसीय पिकनिक पॅकेज घेऊन शूट करायचा विचार असेल तर वेळही बघा. ही पॅकेजं बहुधा संध्याकाळी पाच-सहाला संपतात आणि डिसेंबरात आपल्या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. ज्या उजेडासाठी आलात तो मिळायच्या वेळीच बाहेर पडावं लागतं, नाहीतर जादा तासाचे पैसे.

तिसरा पर्याय मला सगळ्यात जवळचा: नागाव, आक्षी, दिवेआगर किंवा गुहागरला एखाद्या घरगुती निवासात उतरायचं आणि शूट समोरच्या सार्वजनिक किनाऱ्यावर करायचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीच्या खुणेखालची जमीन सरकारची आहे. गोव्यात दोना पावलाजवळच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली लोकांचा हक्क उचलून धरला. म्हणजे रिसॉर्ट आपल्या लॉनचे पैसे लावू शकतं, लाटांचे नाही. समोरच्या वाळूवर 'आमचा खासगी बीच' म्हणून कोणी पावती फाडत असेल तर ती कुठल्या अधिकाराने, हे लेखी मागा.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. कपडे बदलायला जागा नाही, शनिवार-रविवारी घोडागाड्या आणि एटीव्हींची, म्हणजे वाळूवर फिरवणाऱ्या चारचाकी बाइकची, गर्दी असते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातला मधला वार आणि सकाळ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य सुरूच्या बनामागून, माडांमागून वर येतो. वाळूवर बराच वेळ मऊ उजेड राहतो आणि माणसं तुरळक असतात. ओहोटीची वेळ साधली तर ओल्या वाळूत दोघांचं प्रतिबिंब मिळतं. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तारीख ठरवण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. जाहिरातीसारखं मोठं युनिट असेल तर परवानगी लागते. गोव्यात त्यासाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा ही सरकारी संस्था आहे. ड्रोन असेल तर तो कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासणं फोटोग्राफरचं काम, पण विचारायचं तुम्ही. दाबोळीला नौदलाचा विमानतळ असल्याने त्या भागात हे विशेष जपावं लागतं. आणि अनोळखी पर्यटकांना न विचारता फ्रेममध्ये घेऊ नका. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशी सूचनाच काढली आहे.

तर निवड अशी. दोघांचंच शूट असेल तर घरगुती निवास आणि मोकळा किनारा. वाचलेल्या पैशात फोटोग्राफरला आणखी अर्धा दिवस ठेवता येतो, आणि फोटोंमध्ये फरक पडतो तो त्या वेळेमुळे. बरोबर आजी-आजोबा असतील, वाळूत चालणं जमणार नसेल, तर आधी ठरलेल्या पॅकेजचं रिसॉर्ट घ्या, एकेका फोटोचे पैसे लावणारं नको. लग्नच तिथे असेल तर आपला फोटोग्राफर न्या, पण ॲडव्हान्स देण्याआधी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी विचारा: बाहेरच्या फोटोग्राफरचा चार्ज किती, जीएसटी धरून की वेगळा, दिवसाचा की कार्यक्रमाचा, डिपॉझिट परत कधी, व्हिडिओ आणि ड्रोनचे वेगळे का. तारकर्लीला स्कूबा किंवा गोव्यात पॅरासेलिंग करणार असाल तर तिथेही हेच, कारण व्हिडिओचे पैसे अनेकदा बोटीत बसल्यावर सांगतात.

विचारूनही ऐनवेळी नवा चार्ज निघाला तर भरताना पावतीवर चार्जचं नाव लिहून घ्या. ऑनलाइन बुकिंगमध्ये सुरुवातीला कमी किंमत दाखवून मागाहून वाढवत नेण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ड्रिप प्रायसिंग म्हटलं आहे, आणि ते मना आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.